किटलीचा दात

कवळीकाकांनी सख्ख्या सासूची दाढ उपटून चहाच्या किटलीला बसवली, अशी आमच्या गल्लीत एके काळी मोठी कुजबुज होती. कुणी म्हणे, सासू झोपलेली असताना उपटली. कुणी म्हणे, छे हो, तिनंच हौसेनं दिली, जावयाचं फार वेड. सांगणारा आधी इकडेतिकडे बघायचा, मग ‘जाऊ दे, आपल्याला काय करायचंय’ असं म्हणायचा आणि मग सगळं सांगायचा. आता, ‘आपल्याला काय करायचंय’ या शब्दांनी जी गोष्ट सुरू होते ती मी आजवर कधी अर्धी ऐकून उठलेलो नाही. तेव्हा अर्धी सांगणारही नाही.

कवळीकाका दात बनवायचे. दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तुमच्या तोंडात बोटं घालतात, काका नाही. सायकलच्या दुकानाच्या वर त्यांची लॅब होती. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवणार, सोबत रंगाचा नंबर, आणि काका त्या साच्यावर बेतून कॅप, कवळी, जे काय हवं ते करून परत पाठवणार. लॅबमध्ये फळ्यांवर पांढरेशुभ्र जबडे ओळीनं बसलेले. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटावं, सगळं गाव आपल्याला हसतंय. पण त्या गावातल्या एकाही माणसाचा चेहरा काकांनी पाहिलेला नसे. रस्त्यात एखादा अनोळखी माणूस जांभई द्यायला लागला की काका थबकायचे आणि हळूच म्हणायचे, “वरची डावी माझी.” माणूस दचकून तोंड मिटायचा. काकांचा दिवस चांगला जायचा.

अशा माणसाला छंद लागावा तरी कसला? तर अठराव्या शतकातल्या इंग्लिश चिनीमातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा. ऐकायला भारदस्त वाटतं, सुरुवात मात्र खुर्चीपासून झाली. नवीन लग्न झालेलं, घरात बसायला खुर्ची नाही, म्हणून काका-काकू जुन्या बाजारात गेले. काकूंनी एका टोपलीतून एवढासा दुधाचा जग उचलला. निळी फुलं, गोल पोट, आणि तोंड पुढे निमुळतं.

“अहो, चोच बघा. अगदी चिमणी.”

काकांनी चोच पाहिलीच नाही. त्यांनी पांढरा पाहिला. दिवसभर पांढऱ्याला पांढरा जुळवणारा माणूस तो. पिवळट पांढरा, करडा पांढरा, सिगारेटचा पांढरा, सगळे त्याच्या ओळखीचे. हा पांढरा ओळखीचा नव्हता. उजेडात धरला तर आतून किंचित हिरवा. खुर्ची राहिली, चिमणी घरी आली. पुढे कितीतरी दिवस दोघं ट्रंकेवर बसून चहा पीत होते आणि समोर फळीवर चिमणी. काकू सकाळी उठून आधी तिला ‘काय गं’ म्हणायच्या, मग नवऱ्याला. कधीकधी नवऱ्याचं राहून जायचं.

मग व्याप वाढला. बिनकानाच्या चहाच्या वाट्या आल्या, खोलगट बश्या आल्या, मोहरीची चिमुकली भांडी आली. काकांच्या सांगण्याप्रमाणे, ही चित्रं काढणाऱ्या इंग्रज कारागिरांनी चीन जन्मात पाहिलेला नव्हता. चीनहून आलेली भांडी बघून ते आपल्या अंदाजानं रंगवत. म्हणून एखाद्या बशीवर घरापेक्षा पक्षी मोठा असतो, आणि बेटावर बसून मासे धरणाऱ्या बाबाची होडी पाण्याऐवजी झाडावर असते. “आमच्या ह्यांनी पण माझं मन असंच अंदाजानं रंगवलंय,” काकू म्हणायच्या.

दर रविवारी दुपारी काकांच्या घरी या भांड्यांची बैठक बसे. शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई येत, बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर येत, आणि बिस्किटं बरी असतात म्हणून मी जाई. नियम एकच, पण कडक: भांडं टेबलावर ठेवण्याआधी त्यातला दोष स्वतःच्या तोंडानं सांगायचा. “काठाला टवका आहे,” “बुडाला केसाएवढी चीर आहे,” असं म्हणायचं आणि मग ठेवायचं. हाच नियम बाजारातही चाले. विकणाऱ्यानं दुरुस्ती दडवली आणि नंतर ती उघडी पडली, तर सौदा उलटायचा. दिलेलं परत, घेतलेलं परत, वाद नाही.

दुरुस्ती ओळखायची खूणही गमतीची. जोडलेल्या जागेवर रंगाचा हात दिलेला असतो, आणि डोळ्याला तो मुळीच कळत नाही. म्हणून भांडं तोंडाशी न्यायचं आणि दातानं हलकंच टोकायचं. चिनीमाती असेल तर ‘कट्’ असा कडक आवाज येतो, रंग असेल तर मेणासारखं मऊ लागतं. खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, चार शहाणी माणसं गोल बसून कपबश्या खाताहेत.

आता मखमलशेठ. जुन्या वस्तूंचं दुकान. माणूस बोलायचा इतकं हळू, इतकं गुळगुळीत, की गिऱ्हाईक नको ती वस्तू घेऊन बाहेर पडायचं आणि वर आभार मानायचं. एके दिवशी त्यानं काकांना निरोप धाडला: एक किटली आली आहे, येऊन बघून जा. दातांचे एक डॉक्टर वारले होते, त्यांच्या घरातलं सामान.

काका गेले आणि कामातून गेले. किटली गोल, झाकण मूळचंच, बुडाशी कारखान्याची खूण असलेली निळी चंद्रकोर, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तोटी शाबूत. अशा किटल्यांची तोटी आधी जाते. अडीचशे वर्षांत कुणी ना कुणी ती नळाला आपटतंच. काकांनी उजेडात धरली. टिचकी मारली. शेवटी तोटीचं टोक दातात धरलं. कट्!

“मखमल, हिला काही दुखणंखुपणं?”

“काका, तुमच्यापुढे मी काय लपवणार? मला तर एक ओरखडा दिसत नाही.”

“बोल मग.”

मखमलनं पैसे मागितले नाहीत. काय मागायचं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. म्हणाला, “ती चिमणी द्या.”

काकू तेव्हा आईकडे गेल्या होत्या. पुरुषांच्या आयुष्यातले मोठे गाढवपणे बायको माहेरी गेली असतानाच जन्माला येतात. काकांनी चिमणी दिली, किटली आणली आणि फळीच्या मधोमध ठेवली.

काकू परत आल्या. बॅग खाली ठेवायच्या आधी फळीकडे बघून “काय गं” म्हणाल्या, आणि तोंड उघडंच राहिलं.

“चिमणी कुठाय?”

“अगं, ही बघ तरी! निर्दोष आहे. अशी जगात—”

“चिमणी कुठाय?”

“मखमलकडे. अदलाबदल केली. तुला कळत नाही, हिची तोटी—”

“बरोबर. मला काय कळतंय,” काकू म्हणाल्या आणि बॅग उचलून आत गेल्या.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर काका सुटले असते. काकू नीट वागू लागल्या, आणि हे जास्त भयंकर होतं. “अहो” बंद झालं. जेवण वेळेवर, कपडे घडी करून, आणि सकाळी त्या रिकाम्या हवेला उद्देशून “चहा ठेवलाय” असं म्हणत. काकांनी दाताच्या कण्या केल्या, नवं कपाट देऊ केलं, सहलीला नेतो म्हणाले. काकू म्हणाल्या, “कशाला उगाच. ती निर्दोष आहे ना, तिला न्या.” काका मखमलकडे जाऊन गयावया करून आले. तो म्हणाला, “काका, एक तर ती तुमच्या घरची, त्यातून अशी चोच. मी ती विकणारसुद्धा नाही. माझ्याच टेबलावर ठेवलीय.” आता दुरुस्ती निघाली तरच चिमणी परत येणार, आणि किटलीत दुरुस्ती नव्हती. आपल्या किटलीत खोट निघावी म्हणून देवाला साकडं घालणारा संग्राहक मी तरी तो एकच पाहिला.

आणि देवानं ऐकलं. रविवारच्या बैठकीला कॅशियर नोटा तपासायचा जांभळा दिवा घेऊन आले. म्हणाले, याच्या उजेडात म्हणे चिकटवलेलं, रंगवलेलं वेगळं चमकतं. पडदे ओढले, खोलीत अंधार केला. मोठ्या बाईंची बशी झाली, कॅशियरचं मोहरीचं भांडं झालं. सगळं मंद जांभळं. मग किटली आली. पोट मंद, झाकण मंद, कान मंद. तोटीचं टोक मात्र लख्ख! एवढंसं टोक, पांढरंफेक, नुकतीच हिरडी फोडून दात यावा तसं.

“अगं बाई,” मोठ्या बाई म्हणाल्या, “किटलीला दात आला!”

“जोड!” काका खुर्चीवरून उडाले. “दडवलेला जोड! टोक नवं आहे! अगं, ऐकलंस का? खोटी निघाली!”

मोठ्या बाईंनी कॅशियरकडे बघितलं, कॅशियरनी माझ्याकडे. स्वतःची सर्वांत भारी वस्तू खोटी निघाली म्हणून नाचणारा माणूस बघून कोण घाबरणार नाही? काकू मात्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हात पुसत. बऱ्याच दिवसांनी त्यांनी काकांकडे सरळ पाहिलं.

“पण हे आहे तरी कशाचं?” मोठ्या बाईंना चैन पडेना. “रंग असता तर दाताला मऊ लागला असता. आणि एवढं पांढरं...” त्यांनी दिवा फिरवला तो कॅशियरच्या तोंडावर. कॅशियर हसत होते. त्यांचे दात अगदी तसेच चमकत होते.

काकांची दातखीळच बसली. पडदे उघडले तेव्हा ते खुर्चीत परत बसले होते आणि किटलीकडे अशा नजरेनं बघत होते, जसा एखादा माणूस गर्दीत जुन्या सावकाराला चुकवताना आरशात स्वतःलाच भेटावा.

आम्ही गेल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी त्याच वारलेल्या डॉक्टरांकडून लॅबमध्ये एक साचा आला होता. इतर साच्यांत जबडे, आणि या एकात नुसतं तुटकं नळकांडं. सोबत रंगाचा नंबर आणि निळ्या वेलीचं छोटं चित्र. यावर टोक करून द्या. काकांना वाटलं होतं, असेल डॉक्टरांचं काही घरगुती काम. दाताला कॅप करतात तशीच त्यांनी तोटीला कॅप केली, दातांच्याच मातीची, वर निळी वेल रंगवली, भट्टीतून भाजून काढली आणि पाठवून दिली. डॉक्टरांनी ती घरी चिकटवली असणार. दातांच्या मातीत मुद्दाम असं काही घातलेलं असतं की ती जांभळ्या दिव्यात खऱ्या दातासारखी चमकते. नाहीतर नाचगाण्याच्या जागी असल्या दिव्यांखाली माणसाचा पुढचा दात काळा दिसायचा. काकांनी तेव्हा किटली पाहिलीच नव्हती. त्यांना भेटला होता तो नुसता तिचा जबडा.

“म्हणजे तुम्हीच केलेला दात तुम्हीच चावलात, आणि म्हणालात निर्दोष,” काकू म्हणाल्या.

“हळू बोल! हे फक्त मला माहीत आहे. डॉक्टर गेले. मखमलला यातलं ओ की ठो ठाऊक नाही. उद्या जातो, जोड दाखवतो, सौदा उलटवतो, चिमणी आणतो. एकच अट, मी केलंय हे बोलायचं नाही. बोललो तर तो म्हणेल, दडवलं कुणी? ज्यानं केलं त्याला कळायला हवं होतं.”

“माझी काही हरकत नाही. पण तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“चिमणीची शपथ.”

दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं. साक्षीदार लागतच होता असं नाही, पण मी तयार होतो. दुकानात मखमलच्या टेबलावर चिमणी बसली होती, पोटात पेन्सिली. पेन्सिली बघून काकांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. त्यांनी किटली ठेवली, दुकानाच्या मागच्या काळोख्या खोलीत जांभळा दिवा लावून दाखवला. दात चमकला.

मखमलनं निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाहेर येऊन किटली उजेडात धरली आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “काका, आपला नियम काय? दडवलेली दुरुस्ती. म्हणजे डोळ्याला दिसणार नाही अशी.”

“हो. मग?”

“पण ही तर आता मला दिव्याशिवाय दिसतेय. बघा ना, टोकाचं वळण वाकडं आहे.”

काका टेबलावरच्या चिमणीकडे बघू लागले.

“आणि ही वेल. खालची बघा आणि ही बघा. खालची वेल, आणि ही शेवळाची दोरी.”

“मखमल, जोड आहे की नाही ते बोल.”

“आहेच की. पण इतका गचाळ आहे, काका, की तुमच्यासारख्याच्या नजरेतून सुटलाच कसा याचं मला नवल वाटतं. कुठल्यातरी शिकाऊ माणसानं जेवणाच्या सुट्टीत उरकलेलं काम. भाजणीसुद्धा कच्ची.”

मी काकांचा शर्ट मागून ओढला. उशीर झाला होता.

“कच्ची? भाजणी कच्ची? अरे, तीनदा भाजलीय ती! वेल आधी भाजली, मग झिलई, मग पुन्हा! आणि वळण वाकडं म्हणतोस? वाकडं तुझं डोकं! नुसत्या प्लास्टरवर, मूळ भांडं डोळ्यांनी न बघता असं वळण काढून दाखव, मी कवळ्या करायचं सोडून देतो!”

मखमलनं किटली अलगद खाली ठेवली.

“म्हणजे हे तुमचंच लेकरू तर,” तो म्हणाला. “काका, मला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत होतं. नियमानं बघायला गेलं तर दडवलं कुणी?” आणि चिमणीतली एक पेन्सिल काढून तिला टोक करू लागला.

त्याला आधीच संशय आला होता की तो नुसती किंमत पाडत होता, हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं नव्हतं असं नाही.

घरी काकू दारातच होत्या. काकांच्या हातात किटली बघून त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

“तो म्हणाला, काम गचाळ आहे,” काका म्हणाले.

“आणि?”

“आणि मग मी...”

काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी खांदे हलले, मग सगळ्याच हलल्या. हसता हसता खाली बसल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही गप्प बसला असतात ना, तर हा माझाच नवरा आहे का म्हणून मी तुमचे दात तपासले असते.”

‘अहो’ परत आलं, पण चिमणी नव्हती आली. आणि काकूंनी हसणं संपल्यावर जे म्हटलं ते मी पायरीवरून ऐकलं: “नियमानं नाही आली ना? बघते.”

दुसऱ्या दिवशी काकू ब्लाउज शिवायला टाकायला गेल्या. शिवणाऱ्या बाईंशी काय बोलल्या ते अक्षर न् अक्षर कुणालाच सांगता येत नाही. पण त्यात ‘आई’, ‘दाढ’ आणि ‘किटली’ हे शब्द होते, आणि शेवटी एक मोठा उसासा होता, एवढं नक्की. शिवणाऱ्या बाईंकडून ते इस्त्रीवाल्याकडे गेलं, इस्त्रीवाल्याकडून कपड्यांबरोबर घरोघर. आठवडाभरात काकांकडे लोक काही ना काही मागायला येऊ लागले. कुणाला स्क्रूड्रायव्हर हवा, कुणाला कालचा पेपर. बोलायचे पेपरबद्दल, नजर फळीवर. “हीच का ती?” काका चिडायचे, “अहो, तो दात नाही!” लोक मान डोलवायचे. इतकं चिडून नाही म्हणतोय त्या अर्थी आहेच.

हे मखमलच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ज्यांना आयुष्यात कधी जुनी वस्तू घ्यायची नव्हती असे लोक दुकानात शिरून विचारू लागले, “ती दाताची किटली तुमचीच होती ना? आता बघायला मिळेल का?” मखमल चतुर माणूस. रिकाम्या दुकानात शोभिवंत जग ठेवून बसण्यापेक्षा भरल्या दुकानात किटली बरी, हे त्याला कळलं. एका सकाळी तो काकांच्या दारात हजर. हातात मखमली पिशवी.

“काकू, म्हटलं, चिमणीला इथली आठवण येत असेल.”

“कसली हो आठवण? तिकडे तिच्या पोटात पेन्सिली ठेवतात म्हणे, मजेत आहे.”

“काढल्या. धुतली. किटली द्या, ही घ्या.”

“विचार करायला हवा. तिची सवय झालीय आता.”

“काकू!”

“आईची आठवण आहे ती आमच्या.”

काका मधेच म्हणाले, “अरे पण मखमल, तो खरंच दात—”

“तुम्ही चहा घ्या,” काकू म्हणाल्या.

“काका, मला ठाऊक आहे तो दात नाही,” मखमल म्हणाला. “मी खोटं बोलणार नाही. लोक विचारतील, मी नुसता हसेन.”

“आणि काम?” काकूंनी पिशवीकडे हात न करता विचारलं. “गचाळ ना?”

मखमलनं काकांकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, आणि त्याच्या आवाजातला गुळगुळीतपणा पहिल्यांदाच गेला. “अप्रतिम आहे हो. मला शप्पथ कळलं नव्हतं.”

काकांचा चहा कपातच राहिला. काकूंनी पिशवी उघडली.

किटली दुकानाच्या काचेत गेली, बाजूला जांभळा दिवा. मखमलनं चिठ्ठी नियमाला धरूनच लावली: तोटीचं टोक नवं. लोक चिठ्ठी वाचत आणि एकमेकांना कोपरखळी मारत. पुढे काकूंची आई लेकीकडे राहायला आली, तेव्हा तिला गल्ली फार आवडली. “इथली माणसं किती लाघवी गं,” ती म्हणाली, “मी बोलायला लागले की सगळे तोंडाकडेच बघत राहतात.”

खरी गोष्ट एवढीच. डॉक्टरांचा तो साचा लॅबमध्ये आला तेव्हा काका सासूबाईंच्या दाढेची कॅप करत होते. सासूबाईंचे दात करडे, म्हणून त्यांनी पांढऱ्या मातीत थोडी करडी मिसळली होती. त्यातली उरली. डॉक्टरांनी कळवलेला रंग तोच निघाला, म्हणून किटलीचं टोक त्या उरलेल्या मातीचं केलं. सासूबाईंची दाढ कुणी उपटली नाही. ती कॅपसकट त्यांच्या तोंडात आहे.